विचारायला कोण शिकवणार?

समाजकार्याचा विद्यार्थी फील्डवर्कसाठी रुग्णालयात, कुटुंब सल्ला केंद्रात किंवा वस्तीतल्या संस्थेत जाऊ लागला, की त्याच्या हातात पहिला येतो तो फॉर्म. नाव, वय, शिक्षण, उत्पन्न, घरात माणसं किती, आणि खालच्या बाजूला कुठेतरी एक अरुंद रकाना : व्यसन – आहे / नाही. समोरचा माणूस मळक्या कपड्यांतला असेल, डोळे तांबारलेले असतील, शेजारी बायको मान खाली घालून बसली असेल, तर तिथे न विचारताच ‘आहे’वर खूण होते. इस्त्रीच्या शर्टातले निवृत्त अधिकारी समोर असतील, तर न विचारताच ‘नाही’वर. प्रत्यक्ष विचारून, उत्तर ऐकून घेऊन भरलेला रकाना शोधावा लागतो.

विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रमात व्यसनाधीनतेवर प्रकरण असतं. कारणं, परिणाम, शासकीय योजना, प्रतिबंधाचे उपाय असे मुद्दे असतात, आणि परीक्षेपुरते ते पाठही होतात. पण पंचावन्न वर्षांच्या माणसाला तेवीस वर्षांच्या मुलीने ‘काका, दारू घेता का? किती?’ हे कोणत्या सुरात विचारायचं? तो चिडला तर? आणि त्याने खरंखरं सांगून टाकलं, तर मग पुढे काय बोलायचं? खरी पंचाईत इथेच होते. उत्तर झेपणार नाही या भीतीनेच पुष्कळदा प्रश्न गिळला जातो.

हे एवढं महत्त्वाचं का, ते आकडे सांगतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करवून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९मध्ये आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५.७ कोटींचं पिणं मदतीची गरज भासावी इतकं पुढे गेलेलं आहे. आणि दारूवर अवलंबून झालेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कुठल्यातरी स्वरूपाचा उपचार मिळालेला आहे. त्याआधी २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही दारूच्या विकारांबाबत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ८६ टक्क्यांच्या घरात होतं.

मग उरलेले ३७ जण असतात कुठे? ते व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाहीत, पण समाजकार्यकर्त्याच्या टेबलासमोर येऊन बसतात. हाड मोडलं म्हणून ऑर्थोपेडिक वॉर्डात दाखल होतात. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडतात, म्हणून त्यांच्या घरी कुणीतरी पाठपुराव्याला जातं. मुलाची शाळा सुटली म्हणून पालक म्हणून बोलावले जातात. बायकोने तक्रार दिली म्हणून पोलीस ठाण्यात येतात. ही टेबलं आजची नाहीत. मुंबईत १९३६ साली नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमधून सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच पुढे ‘टिस’ म्हणून नावारूपाला आलं. १९४६मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. १९८४मध्ये ‘टिस’ने मुंबई पोलिसांच्या बरोबरीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. या तिन्ही ठिकाणी पहिल्या दिवसापासून दारूची गोष्ट कानावर येत आली आहे. मात्र ती येते बायकोच्या किंवा आईच्या तोंडून. पिणाऱ्याला स्वतःला नीट विचारण्याचं काम पुढच्या कुणाचं तरी, असं गृहीत धरलं जातं.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची भेट हा महाराष्ट्रातल्या समाजकार्य शिक्षणाचा जवळजवळ परिपाठ आहे. अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली आणि १९८६मध्ये डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र उभं राहिलं. तिथले बरेच समुपदेशक एकेकाळी स्वतः व्यसनात होते. विद्यार्थी तिथे हलून जातात, वहीत भरभरून लिहितात. पण या भेटीची एक बाजू क्वचितच बोलली जाते. तिथे दिसतात ते वाट संपत आलेले लोक : नोकरी गेलेली, घर मोडकळीला आलेलं, यकृत सुजलेलं. व्यसनी म्हणजे असा, हे चित्र विद्यार्थ्याच्या डोक्यात घट्ट बसतं. मग दर शनिवारी मित्रांबरोबर बसणारा, सोमवारी वेळेवर कामाला जाणारा, पण तीन वर्षांत रक्तदाबाची गोळी दुप्पट झालेला माणूस त्याला व्यसनी वाटतच नाही. विचारपूस करण्याचा सगळ्यात जास्त फायदा नेमका याच माणसाला असतो, कारण दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्याने त्याचं पिणं कमी होण्याची शक्यता बरी असते.

साधनांची वानवा नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले डॉ. जॉन युइंग यांनी १९८४मध्ये प्रसिद्ध केलेली ‘केज’ ही चार प्रश्नांची चाचणी अजून वापरात आहे. दारू कमी करावी असं कधी वाटलं का, लोक बोलले की राग येतो का, अपराधी वाटतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का? दोन ‘हो’ आले की कान टवकारायचे. तिची मर्यादा अशी की दहा वर्षांपूर्वी सोडलेला आणि आज पीत असलेला, दोघं तिला सारखेच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका अशा सहा देशांत तपासून तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची आहे. गुण ०पासून ४०पर्यंत. ८पासून पुढे धोका, १६पासून समुपदेशन आणि पाठपुरावा, २०पासून तज्ज्ञाकडे. दारूखेरीज तंबाखू, गांजा, झोपेच्या गोळ्या, हुंगायचे पदार्थ, अफूजन्य पदार्थ यांचीही एकत्र विचारणा करायची तर त्याच संघटनेची ‘असिस्ट’ आहे. तिच्या घडणीत भारतातल्या संशोधकांचाही हात होता.

प्रश्नावली हातात आली की काम झालं असं वाटतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘ऑडिट’चा दुसरा प्रश्न घ्या : ज्या दिवशी पिता त्या दिवशी किती ड्रिंक्स होतात? आपल्याकडे ड्रिंक मोजतो कोण? माणूस सांगतो, ‘एक क्वार्टर.’ विद्यार्थी लिहितो ‘एक’. आता हिशेब बघा. एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे शुद्ध अल्कोहोल १० ग्रॅम, साधारण ३० मिलिलिटर व्हिस्की किंवा रम. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे अशी सहा ड्रिंक्स. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे चार. रोज एक क्वार्टर पिणाऱ्याचे पहिल्या तीन प्रश्नांचे खरे गुण होतात दहा : वारंवारतेचे चार, प्रमाणाचे दोन, एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक्स घेण्याचे चार. ‘एक’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदावर तेच गुण चार पडतात, आणि धोक्याच्या रेषेच्या वरचा माणूस सुरक्षित ठरून घरी जातो. हातभट्टीच्या बाबतीत तर तीव्रतेचाच भरवसा नसतो. तिथे ग्लासाचा आकार, किती वेळा भरला, आणि प्यायल्यावर काय झालं, हे विचारूनच अंदाज बांधावा लागतो. प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला टेबलावर रिकामी क्वार्टर, नव्वदची बाटली, बिअरची बाटली, स्टीलचा पेला आणि पाण्याचं मोजपात्र ठेवावं. प्राचार्य बिचकतील, पण त्या एका तासात जे कळेल ते पंचवीस स्लाइड्समध्ये कळणार नाही.

तंबाखूचं आणखी वेगळं. ‘काही व्यसन?’ या प्रश्नाला सातारा-कोल्हापूरकडची बाई सरळ ‘नाही’ म्हणते आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. विदर्भात खर्ऱ्याची पुडी खिशात असते, पण तिला व्यसन म्हणावं असं कुणाला वाटत नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, त्यातले बहुसंख्य धूरविरहित तंबाखू घेणारे. २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, हे इथे फक्त नोंदवून ठेवतो. तेव्हा एकेका वस्तूचं नाव घेऊन विचारावं लागतं : मिश्री, मावा, खर्रा, गुटखा, बिडी. मालेगावच्या बाजूला ‘कुत्ता गोळी’ हे नाव ठाऊक नसलेल्या कार्यकर्त्याला झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारूनही काही कळणार नाही. रेल्वे स्थानकावरच्या मुलांशी बोलायचं तर व्हाइटनर आणि सोल्यूशन माहीत हवं. २०१९च्या त्याच अहवालात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसलं, आणि असा तो एकच प्रकार होता.

आता प्रत्यक्ष विचारण्याकडे येऊ. वर्गात जोड्या लावून करायच्या सरावाचा हा एक काल्पनिक नमुना. पाय मोडून दाखल झालेले गृहस्थ आणि पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी :

‘काका, अजून एक विचारायचं होतं. इथे येणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही विचारतो. तंबाखू, दारू, झोपेच्या गोळ्या, असं काही घेता का?’

‘नाही हो ताई. म्हणजे असं रोज काही नाही. कधीमधी.’

‘बरं. मागच्या आठवड्याचंच बघू या. रविवारी काय होतं?’

‘रविवारी मेव्हणे आले होते. तेव्हा थोडी झाली.’

‘थोडी म्हणजे तुमची तुमची किती?’

‘दोघांत दोन क्वार्टर.’

‘म्हणजे तुमची एक पूर्ण. आणि शनिवारी?’

‘शनिवारी पगार होता ना.’

इथे विद्यार्थिनीने दोनच गोष्टी केल्या आहेत. ‘सगळ्यांनाच विचारतो’ म्हणून तिने प्रश्नातला आरोप काढून घेतला, आणि ‘कधीमधी’वर न थांबता दिवसांच्या खुणा धरून मागे गेली. पगार, आठवडी बाजार, जत्रा, हळद, गटारी अमावास्या यांच्या आधाराने माणसाला आपलं पिणं बऱ्यापैकी आठवतं. ‘महिन्यातून सरासरी किती वेळा’ या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणालाच धड देता येत नाही, तुम्हा-आम्हालाही.

पण पहिल्या सरावात हे असं होत नाही. ‘क्वार्टर’ शब्द ऐकला की विद्यार्थिनीच्या तोंडून निघतं : ‘अहो काका, एवढी पिऊ नका, लिव्हर खराब होईल, मुलींच्या लग्नाचं काय?’ मायेनेच निघतं. काका मान हलवतात, ‘बरोबर आहे ताई’ म्हणतात, आणि त्यांच्यापुरती मुलाखत तिथे संपते. यामागे नुसती सवय नसते. वर्गात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी दारूने धुमाकूळ घातलेला असतो. वडिलांवरचा राग, आईचं सोसणं, भावाची काळजी हे सगळं त्या खुर्चीत त्यांच्याबरोबर बसतं. त्यावर मोकळेपणी बोलायला जागा न देता थेट प्रश्नावली हातात ठेवली, तर विद्यार्थी एक तर उपदेश करतो किंवा प्रश्नच टाळतो. आणि वर्गाचा-जातीचा चष्मा असतोच. वस्तीतल्या माणसाला दारूबद्दल विचारताना जीभ अडखळत नाही. खासगी रुग्णालयातल्या स्पेशल रूममध्ये मात्र तोच प्रश्न उद्धटपणा वाटू लागतो. म्हणून अपवाद न करता प्रत्येकाला विचारण्याचा नियम घालावा लागतो. त्यात गरिबाचाही मान राहतो आणि श्रीमंताचाही आजार नजरेतून सुटत नाही. बाईला विचारायचं ते सासू बाहेर गेल्यावर, मुलाला विचारायचं ते आईबाप बाहेर गेल्यावर, हेही त्यातच आलं.

एक गोष्ट मात्र चुकली तर जिवावर बेतते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊ शकतो : हातापायांना थरथर, घाम, भिंतीवर किडे दिसणं, कुणीतरी मारायला येतंय असं वाटणं. पाय मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाइन उपटून पळू लागतो, तेव्हा नातेवाईक ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून अंगारा आणतात. दाखल होतानाच कुणी दहा प्रश्न विचारले असते, तर डॉक्टर सावध राहिले असते. त्यामुळे वीस किंवा जास्त गुण आलेल्याला ‘आजपासून एकदम बंद करा’ असं कधीही सांगायचं नाही, तर डॉक्टरांशी बोलून, औषधांच्या आधाराने सोडवायची, हे विद्यार्थ्याच्या मनावर अगदी ठसवून ठेवायला हवं. व्यसनमुक्तीच्या घोषणा देत फेरी काढणाऱ्या उत्साही मंडळींनीही हे ऐकून ठेवावं.

गुण मिळाल्यावर काय बोलायचं, याचंही शास्त्र आहे आणि त्याचा जन्म गमतीशीर आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर १९८२मध्ये नॉर्वेतल्या बर्गन इथे तरुण मानसशास्त्रज्ञांसमोर रुग्णाशी कसं बोलतो ते करून दाखवत होते. ते तरुण त्यांना मध्येच थांबवायचे : आत्ता हाच प्रश्न का विचारलात? त्याच्या सगळ्या बोलण्यातून नेमकं तेच वाक्य का उचललंत? उत्तरं देताना मिलर यांना आपण नकळत कोणते नियम पाळतो ते उमगलं. त्यातून १९८३चा लेख आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह १९९१चं पुस्तक आलं. बदलाची कारणं आपण सांगायची नाहीत, ती समोरच्याच्या तोंडून निघू द्यायची, हा त्या पद्धतीचा गाभा. विद्यार्थ्यांच्या टोकण्यातून पद्धत जन्माला आली, हे मला तिच्याइतकंच मोलाचं वाटतं. आपल्या वर्गात सरांना असं कोण टोकतं?

याच मिलर यांनी पुढे स्वतःच्या कार्यशाळांची परीक्षा घेतली. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात प्रोबेशन अधिकारी आणि समुपदेशक होते. कार्यशाळेनंतर त्यांना स्वतःला वाटलं, आपण खूप शिकलो. त्यांच्या प्रत्यक्ष मुलाखतींच्या टेप ऐकल्या तेव्हा बदल बेताचाच निघाला, आणि समोरच्या माणसांच्या बोलण्यात तर जवळजवळ काहीच फरक नव्हता. २००४मध्ये १४० व्यावसायिकांवर मोठा प्रयोग झाला. त्यात दिसलं की नुसती कार्यशाळा केलेल्यांचं कौशल्य ओसरतं. ज्यांच्या टेप ऐकून कुणी प्रतिक्रिया दिली किंवा फोनवरून मार्गदर्शन केलं, त्यांचं टिकतं.

इथे आपल्या शिक्षणातलं दुखणं उघडं पडतं. आपल्याकडे फील्डवर्कचं रेकॉर्डिंग म्हणजे विद्यार्थ्याने घरी जाऊन आठवणीने लिहिलेला अहवाल. ‘क्लाएंटशी सौहार्दाचे संबंध प्रस्थापित केले. त्यांना व्यसनाचे दुष्परिणाम समजावून सांगितले.’ सुपरवायझर तो वाचतात, सही करतात, साप्ताहिक बैठकीत चार सूचना देतात. प्रत्यक्ष बोलणं कुणीच ऐकलेलं नसतं. बोल वहीत उतरवून तबला येत नाही. गुरूने ऐकावं लागतं आणि हात धरून थांबवावं लागतं.

आणि ऐकून शिकवल्याने काय होतं, याचा पुरावा शेजारीच, गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा तो अहवाल २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ‘ऑडिट’वर १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांना दोन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशनाच्या फार तर चार बैठका. समुपदेशक होते आसपासच्या गावातली साधी माणसं, मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेली. फरक होता तो त्यांच्या तयारीत : वर्ग, मग प्रत्यक्ष कामातली उमेदवारी, आणि सतत एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून गुण देणं, चुका दाखवणं. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटातले २६ टक्के. वर्षभराने हेच आकडे ५४ आणि ३२च्या आसपास होते. तीन महिन्यांच्या वेळी जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गावातली माणसं हे शिकू शकतात, तर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्यांनी का शिकू नये?

पाठवायचं कुठे, याचीही माहिती विद्यार्थ्याजवळ हवी. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, केंद्राच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रं, १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, १४४१६ ही ‘टेलि-मानस’. आणि कायदा. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात कलम ६४-अ आहे : सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. एमडीसारख्या अमली पदार्थाच्या पायी अडकलेल्या पोराच्या आईला हे कुणी सांगत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, म्हणजे गोपनीयतेचा हक्कही आला. पोटगीच्या किंवा मुलाच्या ताब्याच्या भांडणात उद्या हाच गुणांचा कागद वकिलाच्या हातात पडू शकतो. तेव्हा काय लिहायचं, कुठे ठेवायचं आणि विचारण्याआधी समोरच्याला काय सांगायचं, हे शिकवणं प्रश्नावलीइतकंच आवश्यक आहे.

वकिलांना बार कौन्सिल आहे, तशी समाजकार्याची स्वतंत्र वैधानिक परिषद आपल्या देशात नाही. त्याचे तोटे पुष्कळ, पण एक सोयही आहे : एखाद्या महाविद्यालयाला सुधारणा करायची असेल तर दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. तेव्हा महाराष्ट्र-गोव्यातल्या समाजकार्य महाविद्यालयांना एवढंच सांगणं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होईल. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या निदान तीन सराव-मुलाखती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, त्या शिक्षकांनी पूर्ण ऐकाव्यात, आणि त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय फील्डवर्कचे गुण देऊ नयेत. पैसे लागणार नाहीत, शिक्षकांचा वेळ लागेल. तो वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.